न लागलेली कीड

दुबई, सोम. १ नोव्हें. १९६५
साहेबाचं डोकं फिरलंय. विलायतेत त्याच्या गावी तीनशे वर्षांचा दारूचा गुत्ता आहे, पब म्हणतात. तस्साच इथे गोऱ्यांच्या क्लबात हवा. छत हाताला लागेल इतकं खाली, वर काळ्या तुळया, भिंतीत शेकोटी. शेकोटी! दुबईत! मी सुतारांचा फोरमन, मापं घेतली.

बुध. ३
नवाकोरा साग नेला तर म्हणे, "नया नहीं, पुराना मांगता." साखळीने झोडून जुना करा! चांगल्या लाकडाला मारायचं? तणतणत म्हटलं, जुनं हवं तर खाडीवर जा, तिथे गलबतं मोडतायत. गेला की खरंच.

रवि. ७
ट्रक आला. लाकूड बघताच ओळखलं. मामूचं गलबत, त्याची फत्तेमारी! रत्नागिरीहून मला तिच्यातूनच आणलं होतं त्याने. इंजिनाच्या लाँचींपुढे धंदा बसला, त्याला दिसेनासं झालं, म्हणून विकली. आता माझ्याकडेच राहतो. अख्ख्या दुबईत दुसरं लाकूड नव्हतं?

बुध. १०
तुळया बसल्या. वाटलं, खलास. तर साहेब म्हणतो भोकं पाडा, किडीची! त्याच्या गावच्या तुळयांना आहेत म्हणे. अरे, मामूने दर पावसाळ्याआधी फत्तेमारी किनाऱ्यावर ओढून माशाचं तेल चोपडलं. हातांचा वास जाईना, मामी जेवायला लांब बसायची. ते कशासाठी? सांगितलं साहेबाला. "यल्ला यल्ला, काम करो." नोकरी आहे. घेतलं गिरमिट, पाडायला लागलो. संताप संताप झाला.

गुरु. ११
मामू : "माझं लाकूड कुठे लागलं, दाखव."
सांगून टाकलं, गुत्त्यात. वाटलं भडकेल. "ते साहेब न् त्याचा अल्ला बघून घेतील. तू लाकूड दाखव."

शुक्र. १२
नमाजानंतर नेलं. मागच्या दाराने. पुढून आम्हाला मनाई! तुळया आमच्या, दार त्यांचं.
मामूने हात वर केला. चाचपत गेला, बोटं भोकांवर थांबली.
"कीड? माझ्या लाकडाला?"
मी त्याला हात धरून बाहेर आणलं. घरी आलो. मग दारात चपला काढताना मामू, "तेल कमी पडलं असेल माझं."
कुठे तोंड लपवू?

शनि. १३
सकाळी मामू तेलाचा डबा घेऊन उभा. कुठून पैदा केला कुणास ठाऊक. "उरलेल्या तरी वाचव रे."
बिनभोकांच्या दोन तुळया उरल्यात. साहेबाला आज दुपारपर्यंत भोकं हवीयत, दोनदा माणूस पाठवला. डबा घेऊन क्लबात आलोय. पोरं गिरमिट शोधतायत. ते माझ्या खिशात आहे.