कान झाकलेले उंदीर

पेण,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय ताई,

भावोजी पोटभर जेवतात, शांत झोपतात आणि हल्ली माझ्या चहाला नावंही ठेवतात. म्हणजे गाडी रुळावर येतेय, हे तू ओळखलंच असशील.

कंपनीतल्या स्फोटात त्यांचा सोबती विठू डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून रोह्यात शिफ्टचा भोंगा वाजला की ते कान झाकून कोपऱ्यात बसायचे. तू त्यांना माझ्या गणपतीच्या कारखान्यात पाठवलंस तेव्हा खरं सांगतो, मी घाबरलो होतो. इथे जिकडेतिकडे ओल्या मूर्ती. हा माणूस दचकला तर किती सोंडा मोडतील! म्हणून त्यांना मागच्या पडवीत बसवलं, शाडूचा गोळा दिला आणि मूर्तीच्या पायाशी ठेवायचे उंदीर करायला सांगितले. उंदीर बिघडला तर बिघडला.

उंदीर भराभर व्हायला लागले. आणि सगळ्यांनी दोन्ही पंजांनी कान झाकलेले! गणपतीच्या उंदराने लाडू धरायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कारागीर हसले, तुझी भावजय हौसासुद्धा हसली. मी ते मोडून माती पुन्हा मळायला निघालो, पण हात होईना. ताई, त्या चिमुकल्या तोंडांवर भावोजींचाच चेहरा होता. मी ते गुपचूप सुकवले, रंगवले आणि फळीवर ठेवले.

मग एक दिवस नागोठण्याच्या मंडळाची माणसं मूर्ती ठरवायला आली. त्यांच्यातल्या हैबतरावांची नजर फळीवर गेली आणि ते ओरडलेच, "आमाला ह्योच उंदीर पायजे! आमच्या लाऊडस्पीकरपुढं बिचारा दुसरं काय करनार?" पडवीतून कसलासा आवाज आला म्हणून धावलो, तर भावोजी हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! हौसा दारात उभी राहून रडली, मीही रडलो, आणि हैबतराव आपलं काय चुकलं ते विचारत राहिले.

त्यानंतर उंदरांचे पंजे हळूहळू खाली आले. एकाने मान खाजवली, एकाने मिशी पिळली, एकाने तर चक्क लाडू उचलला.

आता मुद्द्याचं. ते घरी येईपर्यंत गणपती बसवणार नाही म्हणालीस, आणि यंदा मूर्ती बसवून न्यायचा पाटही पाठवला नाहीस. पण काल भावोजींनी स्वतः घडवलेली मूर्ती माझ्यापुढे ठेवली आणि घरचा पाट मागवायला सांगितलं. मी भीत भीत भोंग्याचं विचारलं. तर म्हणाले, "वाजूंदे. कान झाकायला उंदीर हाय ना!" मूर्तीच्या पायाशी त्यांनी आपला पहिला उंदीर ठेवलाय. पाट लवकर पाठव, ताई. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती आणि भावोजी, दोघेही घरी येताहेत.

तुझाच,
पोपट