लिंबावर न टेकणारी चाकं

भाद्रपद वद्य पंचमी, सरस्वतीपुरम

आज पुन्हा शरदशी वाजलं. पोरगा दोन वर्षांसाठी दुबईला निघालाय. जाण्याआधी मेटगळ्ळीच्या मेस्त्रीकडून त्यानं गाडीला नवा कार्ब्युरेटर, रुंद टायर बसवून घेतले. आता तीच गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवणार, बॅटरीही काढणार! मग पळायची एवढी तयारी कशाला?

"दसऱ्याच्या आयुधपूजेला चाकाखाली लिंबू कसं ठेवू? चाकं हवेत!"

"अप्पा, सुम्ने, गप राहा की! जमिनीवर ठेवली तर टायर बसतील. लिंबू नुसतं टेकवा."

नुसतं टेकवू? दरवर्षी लिंबू चिरडून गाडी पुढं नेतो तो शरदच. मला कुठं चालवता येते? लिंबू मी ठेवीन, चिरडायला तू दुबईहून ये, एवढंच सांगायला परत शेडमध्ये गेलो, आणि ठोकळ्यांवरूनच भांडून आलो.