गाजर गवत आणि बारा व्होल्टची मोटर

२९ ऑगस्ट १९९३, रविवार. फैजपूर

परसात पुन्हा गाजर गवत. कमरेइतकं! आषाढात मजूर लावून उपटलं होतं, तरी पांढरी फुलं परत डोलतायत.

यांना धुळ्याला नणंदेकडे जाऊन दोन महिने झाले. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं — "या गवताची अॅलर्जी आहे. ते घराभोवती आहे तोवर यांनी तिथे राहायचं नाही." गेले तेव्हा डोळे सुजून मिटलेले, हातांवर जखमा.

मजूर बायका आता येत नाहीत. त्यांच्याही हातांना खाज सुटते. बरोबरच आहे त्यांचं.

बारा वर्षं यांच्याशेजारी बसून पाण्याच्या जळलेल्या मोटरी भरायला, म्हणजे तारेचे नवे वेढे द्यायला, शिकले. दोन महिने मोटरी भरायचं दुकान एकटी चालवतेय. मग गवत कापायचं यंत्र करता येणार नाही? येणार!

३१ ऑगस्ट

घरच्या लाईटवरचं नको. ओलं गवत, मागे लोंबती वायर — शॉक बसायला किती वेळ! शिवाय दिवसा लाईटचा भरवसा कुठे? गाडीच्या बॅटरीवरच करायचं.

वेल्डिंगवाल्या झुलालभाऊंच्या भंगारात मोटारगाडीच्या पंख्याची मोटर मिळाली. बारा व्होल्ट, जळलेली. जळलेलीच बरी — मला हवी तशी भरता येईल.

४ सप्टेंबर

मोटर भरली. तार जाड घेतली, वेढे कमी दिले, म्हणजे वेग वाढेल. बॅटरीला जोडताच हातातून उडी मारत होती. शाब्बास कुंदा!

७ सप्टेंबर

लोखंड कापायच्या करवतीचं पातं लावून पाहिलं. तुकडा सुटला तो थेट न्हाणीच्या पत्र्यात घुसला! माझ्या कानापासून वीतभर.

शेजारच्या ताईबाई कुंपणावरून ओरडल्या — "काय करू राह्यली वं कुंदा? जीव घेशीन कोनाचा!"

पातं बाद. धुळ्याच्या पत्रात हे लिहिणार नाही.

१० सप्टेंबर

भोयांकडून मासे धरायची जाड नायलॉन दोरी आणली. मोटर दांड्याच्या टोकाला बसवली, तिच्या चकतीला दोरीची वीतभर दोन टोकं बांधली. फिरली की ताठ होते. गवत सपकन आडवं! आणि दगडाला लागली तर दोरीच तुटते, माणूस वाचतो.

१२ सप्टेंबर

फवारणीच्या जुन्या पंपात बॅटरी बसवून पाठीवर घेतली. सोळा लिटर पाणी पाठीवर घेऊन लोक दिवसभर केळीत फिरतात, मग बॅटरीचं काय! — असं वाटलं होतं. वाकले आणि अॅसिड सांडलं. लुगड्याला भोक, पाठीला फोड. ताईबाईंनी खोबरेल लावलं, बोलल्याही भरपूर.

१४ सप्टेंबर

झुलालभाऊंनी बॅटरीला चाकं करून दिली. आता ती माझ्यामागे शेळीसारखी चालते.

१९ सप्टेंबर, रविवार

सकाळी पाऊस थांबल्याबरोबर सुरू केलं. ओलं असलं की फुलांची भुकटी उडत नाही. तोंडाला पदर, पायांत यांचे गमबूट. बॅटरी संपली की दुकानात चार्जिंगला लावायची, तोवर खाली राहिलेली मुळं हातमोजे घालून उपटायची.

संध्याकाळी परस दिसला — विहीर, लिंबाचं झाड, कपडे धुवायचा दगड. दगड तर विसरूनच गेले होते!

धुळ्याला पत्र टाकलं. दोनच ओळी. परस साफ आहे. या.

२५ सप्टेंबर

ताईबाईंचं अंगण झालं, दत्तमंदिराची मागची बाजू झाली. लोक मोटर भरायला आले की आधी यंत्र बघतात.

२ ऑक्टोबर, शनिवार

हे आले! चेहरा स्वच्छ, हात लग्नात होते तसे. परसात दोनदा फिरले. मग मोटर उघडून बसले. एकेक वेढा बोटाने चाचपून पाहिला.

"तूच भरली?"

"मग कोण?"

"माझ्या हातून इतकी सफाईदार होत नाही."

जेवताना मात्र म्हणाले, "कुंदा, परस झाला. पण बांधावर, रस्त्याला, सगळीकडे तेच गवत आहे. किती कापशील? मी धुळ्यात भाच्याच्या सायकल दुकानात बसतोय. बरं चाललंय. इथलं दुकान देऊन टाकू. तू चल."

गवत कापलं ते यांच्यासाठीच ना? तरी हो म्हणायचं सोडून या आठवड्यात कोणाकोणाच्या मोटरी भरून द्यायच्या ते मोजत बसले.

३ ऑक्टोबर

हे दुपारच्या बसने गेले. एकटेच. मी नाही म्हटलं. भांडले नाहीत. दर शनिवारी येईन म्हणाले. बसच्या पायरीवर पाय ठेवून यांनी विचारलं, "मग दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचं?"

"माझं," म्हटलं.

बस गेल्यावर मी स्टँडवर रडले. मग जाऊन दुकान उघडलं.