चौतीस हात

प्रिय धाकट्या,

तुमच्या संस्थेचा अहवाल पोचला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर आमची मुलं आणि मुलांपेक्षा मोठा तू. पान बारावर आमची शाळा आहे. चौतीसपैकी चौतीस मुलांना इंग्रजी वाचून समजतं, सबब इथलं काम पूर्ण, पुढच्या महिन्यापासून स्वयंसेवक दुसऱ्या गावी. शिपाईमामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सुटलो बाई! आता शनिवारी खुर्च्या उचलायला नकोत." मीही तेच म्हणायला हवं होतं.

तुम्हा मंडळींबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. नऊ शनिवार आलात. सगळ्यांचे पिवळे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, जणू कुणी हरवलाच तर परत आणून देता यावा. पहिला तास उड्या आणि टाळ्या, दुसरा तास फोटो. इंग्रजी आलं की जग मुठीत, असं तुझी ती उंच मैत्रीण सांगायची. शाळेमागच्या नळापर्यंत जायला मात्र तिला चौथीतली पोर सोबत लागायची. एकाने मुलांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? सगळी पायलट म्हणाली, कारण फळ्यावर तेवढा एकच शब्द होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तू मला म्हणालास, "ताई, आम्ही आत्मविश्वास द्यायला आलोय." तो काय खाऊ आहे, रांगेत उभं करून वाटायला?

एक चष्मेवाली तेवढी बरी होती. फोटोत कधी नसायची. मागच्या बाकांपाशी जमिनीवर बसून एकेका अक्षराखाली बोट धरायची. तुमच्यात तिला फारसं कुणी विचारत नव्हतं, हेही मी पाहिलं.

शेवटच्या शनिवारी तू फळ्यावर उतारा लिहिलास आणि विचारलंस, कुणाला समजला? चौतीस हात वर गेले. तू बरोबर आणलेल्या पाहुण्यांचे चेहरे काय खुलले! ती शिस्त माझी होती. आदल्या दिवशी मी वर्गाला बजावलं होतं, हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. कुणाला उठवायचं ते मी बघेन. मी उजव्यांचीच नावं घेतली आणि ती मुलं धडाधड वाचत गेली. पिवळ्या टी-शर्टांनी येऊन माझ्या शाळेची कीव करावी, हे मला नको होतं. डावे हात एकोणीस होते.

परवा शाळा सुटल्यावर सहावीतली एक मुलगी दप्तर घेऊन दारातच उभी राहिली. "बाई, चष्मेवाल्या ताई कधी येणार?" मी म्हटलं, आता नाही येणार, तुम्हाला सगळं येतं ना. ती म्हणाली, "पण मी तर डावा केला होता." मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, तसं करा म्हणून?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलं काही चुकलं का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला घरी जायला सांगितलं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला एवढंच सुचलं.

आता तुझं. ही युक्ती माझी नाही, अण्णांची आहे. ते आपल्याला शाळेत शिकवायला होते तेव्हा तपासणीच्या दिवशी तू तीन वर्षं डावा हात वर केलास, मी त्याच खोलीत तुझ्या शेजारच्या, वरच्या इयत्तेच्या रांगेत होते. म्हणून माझ्या वर्गातले एकोणीस डावे हात तुला दिसले नाहीत, असं मला सांगू नकोस. फळ्यापासून तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसलास. मला वाटलं, भाऊ बहिणीची लाज राखतोय. तू तुझं पान बारा राखत होतास. मी मुलांना खोटं वागायला लावलं. तू ते ओळखलंस आणि छापलंस. यात जास्त दोषी कोण, ते अण्णा असते तर त्यांना विचारलं असतं. बहुधा ते दोघांनाही पट्टी मारून मोकळे झाले असते.

या आठवड्यात मी एकेका मुलाला शेजारी बसवून वाचून घेतलं. सोबत एकोणीस नावांची यादी आहे, कोण कुठे अडतं ते पुढे लिहिलंय. हीच यादी सोमवारच्या टपालाने तुमच्या संस्थेला जाईल, बरोबर माझं पत्र. त्यात युक्ती माझी होती हे लिहिलंय. तुला ती दिसली होती हे लिहिलेलं नाही. ते तू लिही, माझं पत्र पोचायच्या आत. मग त्यांनी तुला ठेवलं काय आणि काढलं काय, मी तुझ्यासाठी रदबदली करणार नाही. फक्त त्या चष्मेवालीला पाठवा. शनिवारी नको, शनिवारी मुलांना उड्यांची सवय लागली आहे. मंगळवारी पाठवा. तिच्यासाठी खुर्ची लागत नाही.

तुझीच, तरी या खेपेला तुझ्या बाजूची नसलेली,
ताई