पंखा दिसला

मंगळवार, संध्याकाळ. मुक्काम गास.

आज राजीनामा द्यायचा, असं ठरवूनच पतपेढीत गेले होते. सासूबाई पडल्यापासून दुपारी त्यांना एकटं सोडून कामात लक्ष कसं लागणार? पण साहेब म्हणाले, "राजीनामा राहू द्या. चारला निघत जा. आणि फोन ड्रॉवरमध्ये नको, टेबलावर ठेवा."

व्हिडिओ कॉल शमिकाने शिकवला. माझ्या हाताखालची मुलगी, पण माझा फोन हातात घेईना. "मॅडम, मला व्हाउचर शिकवताना तुम्हीच म्हणायचात ना, दुसऱ्याने करून दिलेलं डोक्यात राहत नाही? मग दाबा."

पुन्हा पुन्हा चुकले. शेवटी लागला. दिसलं काय, तर आमचा पंखा, पात्यांवर काळी धूळ. सासूबाईंना फोन उचलता येतो, धरता येत नाही. पोटावर ठेवला होता.

"आई, फोन समोर धरा."

"धरलाय की. जेवले मी. तू जेवलीस का?"

तो पंखा आणि तो आवाज. मला तेवढं पुरलं.

मागून शमिका म्हणाली, "मॅडम, पंखा पुसायला झालाय हां." सगळं ऑफिस हसलं. मीही.

साहेबांचे, शमिकाचे नीट आभार तरी मानले का मी? नाही बहुतेक. उद्या गेल्या गेल्या मानायचे.

घरी आल्यावर आधी स्टुलावर चढून पंखा पुसला. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "उद्या परत फोन कर. त्या पोरीला दाखवते."