पिल्लांची अदलाबदल

ता. ३ मार्च

चि. चिचुंद्रीस,
अ. उ. आ.

तुझे प्रयोगशाळेतले उंदीर ठणठणीत असतील. मीही जेवते, झोपते, निदान विचारणाऱ्यांना तसं सांगते. बाळ गेल्यापासून त्याची दुपटी धुवायला काढलेली नाहीत. त्यांवरचे शीचे तेलकट डाग तू पाहिले होतेस. सासूबाई तोंडावर बोलत नाहीत, पण आल्यागेल्याला सांगतात, दूधच पाणचट, मग पोर बाळसं धरणार कसं. हेही ऐकून घेतात.

तू दुधातली चरबी पचवणाऱ्या रसावरच काम करतेस ना? मग एवढंच कळव, माझं दूध कमी पडलं का? मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुला ते जमतही नाही. लहानपणी बरणी मी फोडायचे आणि तू रडून मला पकडून द्यायचीस.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरीच पत्रं फाडली. आता डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

तो रस स्वादुपिंडात होतो. तो कसा करायचा, हे एका जनुकात असतं. जनुक सलग नसतं, तुकड्यातुकड्यांत असतं. आम्ही एकच तुकडा काढला, तर पिल्लांत रस तयारच होईना. ती पोटभर पितात, कातडीतून पोटातलं पांढरं दूध दिसतं, पण वाढत नाहीत. दोष दुधाचा की पिल्लाचा, हे कळावं म्हणून पिल्लं बदलली. पिल्लू नव्या आईच्या भुशात लोळवलं, की त्याला तिचा वास लागतो आणि ती जवळ घेते. रस नसलेली पिल्लं धडधाकट आईकडेही किडकिडीतच राहिली. त्यांच्या आईकडे दिलेली परकी पिल्लं मात्र गुटगुटीत झाली.

पण ताई, हे उंदरांचं. बाळाची तपासणी झालीच नव्हती. त्याचं काय बिनसलं, मला माहीत नाही. हे खोडून दुसरं काही लिहावं असं फार वाटलं, पण ते खरं झालं नसतं. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी चिचुंद्री

ता. २० मार्च

चि. चिचुंद्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे हिलाही माहीत नाहीच. मी म्हटलं, हो, तिला एकटीलाच माहीत नाही. बाकी सगळ्यांना माहीत होतं. हे ताटावरून उठून गेले.

दुपटी धुतली. डाग गेले नाहीत.

लोभ होता तिथेच आहे.

तुझी ताई

ता. क. पिल्लू उचलून नेल्यावर त्याची पहिली आई त्याला शोधते का गं? हे तुला माहीत असेल. तरी कळवू नकोस.