स्वयंपाकघराखालची बार्बरा

झाल्त्सरोडे, ११ नोव्हेंबर १९९३

चि. हेनिंगस अ. उ. आ.

तू तिकडे थ्युरिंगेनात खाणी बुजवतोस, म्हणून तुलाच विचारते. आपली जुनी मिठाची खाणही भरायला घेतली आहे. सिमेंट, राख आणि खारं पाणी कालवून नळीतून खाली सोडतात. आपल्या घराखालची पोकळी भरली की भिंतींच्या भेगा थांबतील, असं खाणीचे साहेब सांगून गेले. पण नकाशाप्रमाणे ती केव्हाच भरायला हवी होती, आणि माल अजून जातोच आहे! कुठे जातोय, त्यांनाही कळेना. आता म्हणतात, घर सोडायची तयारी ठेवा. बाबांचं म्हणणं, मी मेल्यावर खुशाल सोड. माझं डोकंच चालत नाही. काल बटाटे उकडायला ठेवले, पाणी न घालता.

लवकर लिही. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी गेर्लिंडे

थ्युरिंगेन, १७ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

बटाट्यांचं वाचून आधी हसलो, मग काळजी वाटली. खारं पाणी घालतात ते बरोबरच. गोडं घातलं तर मीठच विरघळायचं. पण माल जास्त जातो म्हणजे तिथे नकाशात नसलेली जागा असणार. जुने पाळीवाले खाणकामगार आपली राखण करणाऱ्या संत बार्बरेसाठी गुपचूप देवघर खोदायचे. तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारला देवधर्म खपत नव्हता, मग नकाशावर दाखवणार कोण? बाबाही त्याच खाणीत राबले, पण त्यांना सरळ विचारशील तर ते तोंड मिटतील. बार्बरेचा सण जवळ आलाय, त्यावरून बोलणं काढ. मलाही नीटसं कळत नाहीये, पण घाबरू नकोस.

धाकट्याला ओरडायचा हक्क राखून लोभ असावा.

तुझा हेनिंग

झाल्त्सरोडे, २ डिसेंबर

चि. हेनिंगस अ. उ. आ.

तुझंच खरं झालं. बाबांना म्हटलं, सणाला घरात पाण्यात ठेवतात त्या चेरीच्या फांद्या तोडून आणू का, तर आपणहूनच बोलायला लागले. देवघर त्यांच्याच पाळीने खोदलं, आणि बाबांनी हट्टाने आपल्या स्वयंपाकघराखाली. वर तुमची आई कांदा परतायची, खाली आम्ही प्रार्थना करायचो, म्हणाले. असा माणूस! घराखालची जमीन पोखरली, आणि वर लाजतात.

साहेब म्हणाले, खाणीतून, बाजूने ते देवघर छतापर्यंत भरणार नाही, वरूनच ओतावं लागेल. नाहीतर घर गेलं. म्हणून चुलीशेजारी भोक पाडून आधी कॅमेरा सोडला. पडद्यावर मिठाची मूर्ती दिसली, गुडघ्यापर्यंत मालात बुडालेली. हेनिंग, चेहरा आपल्या गेलेल्या आईचा होता रे, गालावरच्या खळीसकट. बाबांना विचारलं, ही बार्बरा की आई? तेही गांगरले. म्हणाले, सगळ्यांनी बार्बराच कोरायला सांगितली होती, पण मी बाईचा चेहरा आयुष्यात एकच नीट पाहिला होता.

मूर्ती काढता येईल का, मी विचारलं. साहेब नाही म्हणाले, आत जायची वाट मालानेच बंद झाली आहे. मग सगळे बाबांकडे बघत राहिले. बाबा पडद्याकडे बघत होते. तिथून नजर काढून त्यांनी भिंतीच्या भेगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओता म्हणाले. नळीवाल्याने नळी उचलली तेव्हा त्याचा हात धरून एवढंच म्हणाले, की जरा हळू.

रजा मिळव आणि ये. दोघांनाही तू हवा आहेस.

तुझी गेर्लिंडे